आठवा कान

उस्ताद, माणसानं जाताना तरी दिवस बघावा. तुमच्या संग्रहाची खोली उघडायला बारा दिवस राहिले होते. भिंतींना चुना झाला होता, फळ्या बसल्या होत्या, फळ्या वाकड्या बसवल्या म्हणून सुताराला मी तुमच्यासमोर झापलं होतं. आणि तुम्ही म्हणाला होता, "गर्दी मेरेकू नक्को, बाई. मैं कोने में बैठूंगा." काय म्हणावं तुम्हाला! त्या कोपऱ्यात मी रविवारी तुमची खुर्ची मांडली होती. कुणालाही बसू दिलं नाही. एक पुढारी सारखा तिच्याकडं बघत होता, त्यालासुद्धा नाही. दीड तास उभा राहिला बिचारा. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

रविवारी काय झालं ते सांगायलाच बसलेय. पण माझं तुम्हाला माहीत आहे, मी आधी कागद ठोकणार, मग चौकट आखणार, मग रेघ ओढणार. चौतीस वर्षं पोरींना चित्रकला शिकवली ती अशीच. तुम्ही म्हणायचात, बाईची गोष्ट म्हणजे पॅसेंजर गाडी. तर आता बसा निवांत, तुम्हाला कुठं जायची घाई आहे?

आपली पहिली ओळख म्हणजे तुम्ही माझा केलेला अपमान. सातवीच्या पोरी घेऊन मी तुमच्या जुन्या बाजारातल्या कारखान्यात आले होते. गावोगावच्या चौकांसाठी अर्धपुतळे करणारा माणूस आपल्या शहरात आहे, तर पोरींनी माती कशी लावतात ते बघावं, एवढाच हेतू. मी मोठ्या हौसेनं चेहऱ्याचा तक्ता काढून आणला होता. तुम्ही तो उलटा-सुलटा पाहिलात, कानावर बोट ठेवलंत आणि भर वर्गासमोर म्हणालात, "ये कान है? ये तो भजा है." उस्ताद, त्या पोरी मला वर्षभर भजेबाई म्हणत होत्या. आज त्यातली एक आमच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि तिनंच आपली चित्रकलेची जुनी खोली तुमच्या संग्रहाला दिली. रविवारी भाषणात तिनं भज्याची गोष्ट सांगितलीच. सोडते काय ती!

पण त्या दिवशी तुम्ही जे शिकवलंत ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. प्रत्येक पोरीला शेजारणीचा कान हातानं चाचपायला लावलात. म्हणालात, चेहरा रोज बदलतो. हसला की वेगळा, रडला की वेगळा, आजारातून उठला की तिसराच. कान आपला जसाच्या तसा. आणि फोटोत चेहरा समोरून मिळतो, कान मिळतच नाही. "जिसका कान सही, उसका पुतला सही." म्हणून तुमची रीत ठरलेली. पुतळ्याचं काम आलं की आधी त्या गावी जायचं. माणूस हयात असेल तर त्याचा, गेलेला असेल तर त्याच्या भावाचा, लेकाचा, बहिणीचा कान बघायचा. कानाला तेल लावायचं, भोकात कापसाचा बोळा घालायचा, वरून पातळ प्लॅस्टर ओतायचं, आणि त्या साच्यातून पांढरा कान काढून घरी आणायचा. चेहरा फोटोवरून आणि कान घरातून, असं तुम्ही म्हणायचात.

आणि तो कान खरंच घरी जायचा, कारखान्यात राहायचा नाही. यामागची गोष्ट मला तुमच्या बेगमनी, सकीनाभाभींनी सांगितली. तुमच्या अम्मींनी तुम्हाला हे काम करू दिलं, पण एक अट घातली. जिथं आपण नमाज पढतो त्या घरात पुरा चेहरा यायचा नाही. तुम्ही तरुण होतात, हट्टी होतात. कान चालेल का विचारलंत. अम्मी म्हणे हसल्या आणि म्हणाल्या, "कान चलेगा, वो देखता तो नहीं." झालं. तेव्हापासून पुतळे, चेहऱ्यांचे साचे, सगळं कारखान्यात, आणि कान, मापांच्या उर्दू वह्या, गावांकडून आलेली पोस्टकार्डं घरातल्या पत्र्याच्या पेटीत. तुम्ही आयुष्यभर कुरकुरलात त्या अटीवर. "आधा काम इधर, आधा उधर," असं शंभरदा ऐकलंय मी.

मग तुमच्या म्हातारपणी कारखान्याचं छत बसलं. सगळे साचे, मातीचे नमुने, राहिलेले चार-दोन पुतळे, एका दुपारीत चुरा. मी धावत आले तर तुम्ही बाहेर उकिडवे बसलेले, डोळ्यांना तोवर धड दिसतही नव्हतं, हातात चुऱ्याची मूठ. म्हणालात, "खतम, बाई. अब मैं किसीका कोई नहीं." मला इतका राग आला त्या वाक्याचा! चाळीस-चाळीस गावांच्या चौकांत ज्याचं काम उभं आहे, तो कुणाचा कोणी नाही? पण रागावून करणार काय? कारण खरंच, एकाही पुतळ्याखाली तुमचं नाव नव्हतं. दगडावर कमिटीची नावं, पाहुण्याचं नाव, देणगीदाराच्या आजोबांचं नाव. घडवणाऱ्याचं तेवढं नाही. तुम्ही कधी मागितलंच नाहीत.

तुम्हाला घरी आणलं, तेव्हा भाभी आतून आल्या आणि पेटीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ये है ना."

तुमच्या अम्मींच्या अटीनं तुमचं आयुष्य वाचवलं, उस्ताद. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, तुम्ही मान्य केलं नव्हतंत. आता तरी करा.

आता माझा गुन्हा. तो मी रविवारी सगळ्यांसमोर कबूल केला, तुमच्यासमोर पुन्हा करते. पेटी उघडली, तर पन्नास-साठ कान, वर्षानुवर्षांच्या धुळीनं पिवळे पडलेले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. घाण दिसली की माझा हात थांबत नाही. तुम्ही दुपारची झोप काढत होता, मी बादली घेतली, फडकं घेतलं, आणि बाईसाहेबांनी सगळे कान लख्ख पुसून अंगणात वाळत घातले. तुम्ही उठलात, एक उचललात, उलटा करून अगदी डोळ्यांशी नेलात आणि विचारलंत, "नंबर किधर गया?" प्रत्येक कानामागं पेन्सिलीनं नंबर, गाव आणि नाव लिहिलेलं होतं, आणि मी ते सगळं बादलीत ओतलं होतं.

मला वाटलं आता तुम्ही मला हाकलणार. मी रडायलाच लागले. तुम्ही खाटेवर मांडी घातलीत, म्हणालात, "रो मत. एक-एक दे हात में." मी एकेक कान देत गेले. तुम्ही डोळे मिटून अंगठ्यानं काठ चाचपायचात आणि सांगायचात. हा सिल्लोडचा शेठ, कापसाचा व्यापारी, चहात साखर मागायचा. ही मास्तरीण, हिच्या कानाला तीन भोकं. हा पैलवान, कुस्तीत कान मोडलेला, त्याला तो तसाच हवा होता. मी लिहीत होते, भाभी चहा आणत होत्या, आणि तीन दिवसांत तुम्ही सगळी पेटी मला बोटांनी वाचून दाखवलीत. त्या तीन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही हसले नव्हते. आपली नोंदवही तिथं सुरू झाली. मी वर्षांप्रमाणं लावू म्हणत होते, तुम्ही गावांप्रमाणं. तुमचंच खरं झालं, आणि बरं झालं, ते रविवारी कळलं.

फक्त एका कानाला तुम्ही नाव दिलं नाहीत.

तो सोयगावकडच्या त्या गावाच्या गठ्ठ्यातला. गावाचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. तुमचं ते पहिलं काम. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. त्या गावचा रंगनाथ नावाचा पोरगा त्या धामधुमीत गोळी लागून गेला होता. गावाला त्याचा पुतळा हवा होता आणि फोटो एकही नव्हता. कुणीतरी कमिटीला तुमचं नाव सुचवलं, तुम्ही गेलात. हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत! चोवीस-पंचवीस वर्षांचे तुम्ही, नाव हबीब, आणि ते दिवस. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण तुम्ही पाराजवळ गेलात की पारावरची माणसं उठायची. माती भिजवायला पाणीसुद्धा मागून-मागून मिळायचं. कमिटीतला एक जण म्हणाला, काम करा, पण तुमचं नाव बाहेर नको.

चेहरा जमला. भावांवरून, गाववाल्यांच्या आठवणींवरून जमला. कानाशी गाडी अडली. रंगनाथची आई डोळे मिटून मातीवर हात फिरवायची. म्हणायची, "लहानपणी अंगाला तेल लावलंय म्या त्याच्या, कानात तेल सोडलंय. माझी बोटं वळखतेत." तुम्ही थोरल्या भावाचा कान लावलात. म्हातारी म्हणाली, "ह्यो थोरल्याचा हाय." चुलत्याचा लावलात. "ह्यो माझ्या दिराचा." असे सात कान झाले. सातही कानांचे मालक तिनं बोटांनी ओळखले आणि सातही वेळा म्हणाली, "माझ्या लेकराचा नाय."

"और आठवां?" मी विचारायची.

"आठवां लगाया तो बोली, ह्योच."

"पण तो कुणाचा होता?"

"था किसीका. चाय ले."

दर वेळी गोष्ट तिथंच थांबायची. पेटी लावताना तो आठवा माझ्या हातात आला. वरच्या काठाला आतून तांदळाएवढी गाठ. तुम्ही तो बराच वेळ धरून बसलात आणि परत दिलात. म्हणालात, "इसपे कुछ नक्को लिख." पण नोंदवहीत रिकामी जागा मला बघवत नाही. मी लिहिलं, अज्ञात. तुम्ही विचारलंत काय लिहिलं, मी खोटं बोलले नाही. आणि उस्ताद, तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अज्ञात? जिसपे माँ ने हाथ फेरा वो अज्ञात?" मग नाव सांगा, मी म्हटलं. नाही सांगणार, तुम्ही म्हणालात. मग अज्ञातच राहणार, मी म्हटलं, आणि पिशवी उचलून निघून आले. आठ दिवस आपण बोललो नाही. नवव्या दिवशी भाभींनी डबल का मीठा करून पाठवला, मी वाटी परत द्यायला आले, आणि आपण दोघंही काही झालंच नाही असं वागलो. शब्द तसाच राहिला. मी खोडला नाही, तुम्ही परत काढला नाहीत. दोघंही सारखेच आडमुठे.

त्यानंतर मोठ्या शहरातल्या एका संस्थेचे साहेब आले. तुमचा संग्रह ते घेणार, म्हणून मी बोलावलं होतं. चष्मा पुसून-पुसून पाहिलं त्यांनी. पूर्ण शिल्प एकही नाही? सही कुठंच नाही? मग हे पुतळे यांनीच केले हे कशावरून? "बाई, नुसत्या कानांना संग्रह म्हणत नाहीत." तुम्ही त्यांना नमस्कार केलात, दारापर्यंत सोडायला उठलात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी ठरवलं की हे कान मी एकेक करून त्यांच्या पुतळ्यांना नेऊन भिडवणार, शेजारी धरून फोटो काढणार, आणि त्या साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटणार.

दोन वर्षं मी तेच केलं. कापसात गुंडाळलेले कान जेवणाच्या डब्यात घालायचे आणि एसटीत बसायचं. एकदा सिल्लोडच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "बाई, डबा इतका छातीशी धरलाय, काय हाय त्यात?" मी म्हटलं, कान. तो पुढं सिल्लोड येईपर्यंत माझ्याकडं फिरकला नाही. गावात उतरायचं, सरपंचाकडून शिडी मागायची, लुगडं खोचून वर चढायचं आणि पुतळ्याच्या कानाशी आपला कान धरायचा. खाली ही गर्दी! आणि जुळायचा, उस्ताद. दर वेळी जुळायचा. पाळी, वळण, घडी, सगळं. खाली टाळ्या पडायच्या. घरी येऊन मी तुम्हाला सांगायची आणि तुम्ही लहान पोरासारखे विचारायचात, "पैलवान का भी मिला? वो मुडा हुआ?"

सोयगावकडच्या त्या गावी मी शेवटी गेले. सातही कान जुळले नाहीत, आठवा जुळला, गाठीसकट. म्हणजे तुमची गोष्ट खरी होती. पण दोन गोष्टींनी मी वैतागून आले. एक, तिथं सगळे म्हणत होते की पुतळा मुंबईच्या कारागिरानं केला. लहान-मोठे सगळे तेच सांगायले, शपथेवर. आणि दुसरी, त्या पुतळ्याचा उजवा कान तेलानं काळाकुट्ट झालेला, वर धुळीचा थर. मला राहवलं नाही. रुमाल काढला आणि घासून-पुसून साफ केला. खालून एक म्हातारी ओरडली, "आवं बाई, काय करायल्या?" मी लक्ष दिलं नाही. घरी येऊन तुमच्याकडं तक्रार केली की बघा, कसे गलिच्छ लोक, पुतळ्याच्या कानात तेल ओततात. तुम्ही उठून बसलात. मग हळूच विचारलंत, "अभी तक तेल है?" मी म्हटलं, होतं, मी पुसलं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहिलात. मला वाटलं, घाणीचं ऐकून वाईट वाटलं असणार. मी किती मठ्ठ, उस्ताद!

चार महिन्यांनी तुम्ही गेलात. तुमच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी इथं लिहिणार नाही, ते भाभींचं आहे. मला एवढंच खुपत होतं की त्या गावात अजून मुंबईचा कारागीर आहे आणि माझ्या वहीत अजून अज्ञात आहे.

आता रविवार. उस्ताद, काय सांगू! अकरा गावांची माणसं आली. टेंपो करून आली, जीपमधून आली, शाळेच्या फाटकापासून क्रांती चौकाच्या दिशेनं गाड्यांची रांग लागली. गावांप्रमाणं फळ्या लावल्या होत्या ना, तुमच्या हट्टानं. माणसं आत शिरली की सरळ आपापल्या गावाच्या फळीकडं. सिल्लोडच्या शेठचा नातू आपला कान आजोबांच्या कानाशेजारी धरून उभा, आणि त्याची बायको दोन्ही बघून हसतेय. पैलवानाच्या लेकानं मोडका कान दोन्ही हातांत घेतला आणि खाली ठेवेचना, शेवटी मलाच ओरडावं लागलं. एक बाई मास्तरणीच्या कानाची तीन भोकं बघून रडली, तिची आजी ती. नुसत्या कानांना संग्रह म्हणत नाहीत, असं म्हणणारे साहेबही आले होते. मागं उभे राहून बघत होते. जाताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो." मी म्हटलं, व्हय, चुकलात. चहा घेऊन जा.

तुमच्या त्या पहिल्या गावाचा टेंपो सगळ्यात उशिरा आला. त्यातून तीच म्हातारी उतरली, माझ्यावर ओरडलेली. गयाबाई नाव. रंगनाथची धाकटी बहीण, तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. ती काठी टेकत आपल्या गावाच्या फळीशी आली, आठव्या कानासमोर थांबली आणि मला म्हणाली, "ह्यो हितं अज्ञात कामून लिव्हलाय?"

मी म्हटलं, कुणाचा ते माहीत नाही, आजी. उस्तादांनी सांगितलंच नाही.

ती काठीवर रेलून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "तुमी येवढी वर्सं त्येंच्या शेजारी बसलाव, तुमी नाय बघितला व्हय त्येंचा कान?"

मग तिनं सांगितलं. खोलीतली सगळी माणसं भोवती उभी होती. सातवा कान आईनं नाकारला, तेव्हा तुम्ही मातीचा गोळा टाकून दिलात आणि त्यांच्या ओट्यावर डोकं गुडघ्यात घालून बसलात. दोन दिवस गावात तुम्हाला कुणी धड जेवायला विचारलं नव्हतं. आई बाहेर आली, तुमच्या डोक्यावर हात ठेवला. हात खाली आला, उजव्या कानावर थांबला. तिथंच फिरत राहिला. गयाबाई म्हणाली, "माय माझी एकदम बसलीच खाली. म्हनली, असाच व्हता. काठाला गाठबी हितंच. लेकरा, ह्योच घे." तुम्ही म्हणालात, आई, गावाला चालणार नाही, माझा कसा चालेल? आणि ती म्हणाली, "गावाला इचारतंय कोन? कान मी वळखते का गाव?" मग तिनं स्वतः तुमच्या कानाला तेल लावलं, बोळा घातला. आणि धाकट्या पोरीला बजावलं की हे कुठं बोलायचं नाही, न्हायतर हे लोक पुतळा बसू देणार न्हाईत. पोरीनं पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही.

उस्ताद, मी कान बघण्यात म्हातारी झाले. डब्यात कान घेऊन तालुके फिरले. आणि तुमचे पांढरे केस ज्याच्यावर यायचे तो कान मी एकदाही बघितला नाही! भजेबाई म्हणालात ते योग्यच होतं.

मी म्हटलं, आजी, पण ते तेल? ती म्हणाली, "दिवाळीचं तेल. पयल्या आंगुळीच्या दिशी माय जायची, पोराच्या कानात तेल सोडायची. ती गेल्यावर मी सोडते. आन् तुमी पुसलंत!"

त्याच संध्याकाळी मी गयाबाईंना रिक्षात घातलं, आठवा कान डब्यात घेतला आणि आम्ही दोघी तुमच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून आम्हीच गेलो. काही बोलायच्या आधी मी कान त्यांच्या हातात दिला. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला. गाठीपाशी आला आणि थांबला. "हौ," म्हणाल्या, "उनोच हैं." त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही त्यांना तेवढं सांगितलं होतंत, बाकी सगळ्या जगाला चहा पाजलात. तुमचा एकही फोटो भिंतीवर नसलेल्या त्या घरात भाभी तो कान ओढणीच्या पदरात घेऊन बसल्या, शेजारी गयाबाई बसल्या, आणि दोघी मिळून इतकं रडल्या आणि मग इतकं हसल्या की मला कळेना, आपण थांबावं की निघावं. मी थांबले. तुमच्यावरचा माझा राग तिथं बसल्या-बसल्या गेला. इतके दिवस धरून ठेवला होता मी तो.

कान घरीच ठेवा, मी भाभींना म्हटलं. पुरा चेहरा नाही, अम्मींनाही चालेल. त्या म्हणाल्या, "नक्को. खोली में रखो. उनके लोगां के बीच में." सकाळी मी तो परत नेला. त्या गावचा सरपंच रविवारी खोलीतच होता, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की दिवाळीच्या आत पुतळ्याखाली दगड बसेल आणि दगडावर तुमचं नाव असेल. तुम्ही म्हणाल नक्को. पण आता तुमचं कोण ऐकतंय?

आपला तो वाद मात्र तुम्ही जिंकलात. तुमची सही पन्नास वर्षं चौकात उभी होती, आणि एक आई दर दिवाळीला तिला तेल घालत होती. ज्या गावात पाराजवळ गेलात की माणसं उठायची, त्या गावात. मी अज्ञात खोडलं. मऊ खोडरबरानं नाही, शाईची रेघ मारून, म्हणजे पुढं बघणाऱ्याला माझी चूकही दिसेल. त्याच्या वर लिहिलं, शेख हबीब वल्द शेख इब्राहीम, सिल्लोडकर. उजवा कान. त्याच्या आईनं ओळखला.

दिवाळीपर्यंत भाभींची इद्दत सरते. पहिल्या आंघोळीच्या पहाटे आम्ही तिघी त्या चौकात जाणार आहोत. शिडी गयाबाईंचा नातू धरणार आहे. तेल भाभी घरून घेऊन येणार आहेत. रुमाल मी घरी ठेवून येईन, उस्ताद. शप्पथ.